अनवाणी ढंगाने धावण्यासाठी सँडल निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पातळ तळाच्या सँडल घालून मी डांबरी रस्त्यांवर आणि डोंगरातल्या पायवाटांवर बरीच वर्षं धावते आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्यांचा पहिला प्रश्न हमखास तळाच्या जाडीचा असतो. माझं उत्तर दर वेळी तेच: जाडीचं नंतर बघू, आधी बंद, म्हणजे सँडल पायाला बांधणारे पट्टे किंवा दोऱ्या, बघा. सँडलने पायाला धरून राहिलं पाहिजे, पायाने सँडलला धरून ठेवायची वेळ येता कामा नये. खालची बरीच उत्तरं फिरून याच मुद्द्यापाशी येतील, कारण निवड चुकते ती बहुतेक वेळा इथेच.

मिनिमलिस्ट सँडल कशाला म्हणायचं?

२०१५ मध्ये संशोधकांनी ११ देशांतल्या ४२ तज्ज्ञांची मतं जुळवून मिनिमलिस्ट पादत्राणांची व्याख्या ठरवली. पायाच्या नैसर्गिक हालचालीत कमीत कमी ढवळाढवळ करणारं पादत्राण, हा तिचा गाभा. मोजायच्या गोष्टी पाच: वजन, लवचीकपणा, तळाची जाडी, टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, आणि पाय आत-बाहेर कलू नये म्हणून बसवलेले आधार. उंचीतल्या या फरकालाच धावणारे ड्रॉप म्हणतात. सँडलमध्ये तो शून्य हवा.

हे तपासायला यंत्र लागत नाही. सँडल हातात घेऊन पुढून मागे गुंडाळा, तिची सुरळी झाली पाहिजे. मग ओलं फडकं पिळतो तशी पिळून बघा. शेवटी सपाट फरशीवर ठेवून बाजूने पाहा. टाचेखाली उंचवटा किंवा मध्ये कमानीसाठी फुगवटा दिसला, तर ती आरामात फिरायची सँडल आहे. या कामाची नाही.

मग साधी स्लिपर घालून धावलं तर काय बिघडतं?

स्लिपरला टाचेमागे काही नसतं. ती निसटू नये म्हणून प्रत्येक पावलाला बोटं आखडून घ्यावी लागतात. चालताना हे जाणवत नाही. धावताना मिनिटाला दीडशेच्या वर पावलं पडतात आणि तितक्या वेळा बोटं आवळली जातात. तळवा भरून येतो, पोटरी ताठरते, आणि ज्या मोकळ्या पावलासाठी हा खटाटोप करायचा तेच हरवतं. टाचेमागे पट्टा नसलेली कुठलीही सँडल धावण्यासाठी घेऊ नका.

ही कल्पना आली कुठून?

पायाखाली पातळ तळ बांधून दूरवर जाणं माणसाला फार जुनं आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात फोर्ट रॉक गुहेत १९३८ मध्ये झाडाच्या सालीच्या विणलेल्या सँडल सापडल्या. त्या नऊ-दहा हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. आजच्या धावायच्या सँडलचा थेट वारसा मात्र मेक्सिकोच्या चिवावा राज्यातल्या रारामुरी लोकांकडून आला. त्यांना ताराउमारा असंही म्हणतात. कॉपर कॅन्यनच्या दऱ्याखोऱ्यांत ते जुन्या टायरच्या रबराला चामड्याची वादी ओवून वाराचे नावाच्या सँडल करतात आणि त्याच घालून मैलोन् मैल धावतात. १९९३ मध्ये कोलोरॅडोतली लेडव्हिलची १०० मैलांची शर्यत व्हिक्टोरियानो चुर्रो या ५५ वर्षांच्या रारामुरी धावपटूने जिंकली, तेव्हा त्याच्या पायांत वाराचे होत्या.

इथे इथिओपियाचा धावपटू अबेबे बिकिला याची आठवण हटकून निघते. १९६० च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन त्याने अनवाणी धावून २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत जिंकली. चार वर्षांनी टोकियोत बूट घालून धावला, २ तास १२ मिनिटं ११ सेकंदांत पुन्हा जिंकला. मला ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. पाय तयार असला की पायात काय आहे हा पुढचा प्रश्न.

सँडल घातल्याने दुखापती कमी होतात का?

असं वचन कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. २०१४ मध्ये व्हिब्रम कंपनीने पाच बोटांच्या पातळ बुटांबद्दलच्या दाव्यांवरून चाललेला ग्राहकांचा खटला ३७.५ लाख डॉलर बाजूला काढून मिटवला. दुखापत टळते, स्नायू बळकट होतात, या जाहिरातींना पुरेसा आधार नव्हता असा तो वाद होता. कंपनीने चूक मान्य केली नाही, पण विकणाऱ्याच्या शब्दावर किती विसंबायचं हे त्यातून सगळ्यांना कळलं.

संशोधन काय सांगतं ते थोडक्यात असं. २०१० मध्ये हार्वर्डचे डॅनिएल लीबरमन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की सवयीने अनवाणी धावणारे बरेचसे लोक चवड्यावर किंवा पावलाच्या मध्यावर उतरतात, आणि टाच आधी आपटली की बसणारा तो पहिला झटका त्यांना बसत नाही. पण २०१३ मध्ये उत्तर केनियातल्या दासानाच लोकांचा अभ्यास झाला. ते जन्मभर अनवाणी वावरणारे, तरी आपल्या सोयीच्या वेगाने धावताना त्यांतले बहुतेक टाचेवरच उतरत होते. म्हणजे अनवाणी पाय आपोआप एकाच पद्धतीने पडतो असं नाही.

त्याच वर्षी आणखी एक अभ्यास आला. ३६ अनुभवी धावपटूंपैकी काहींना १० आठवड्यांत हळूहळू पातळ बुटांवर आणलं. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या पावलांच्या हाडांत, मज्जेच्या जागी सूज दिसली. हाड भाराखाली आहे याची ती खूण. माझ्या लेखी हा अभ्यास सर्वांत कामाचा आहे, कारण तो वेळापत्रकाबद्दल सांगतो: १० आठवडे अनेकांना पुरत नाहीत.

भार नाहीसा होत नाही, जागा बदलतो. गुडघ्यावरचा थोडा कमी होतो आणि पोटरी, टाचेमागची शीर (पोटरीला टाचेशी जोडणारी, रक्तवाहिनी नव्हे), चवड्याची हाडं यांच्यावर वाढतो. ज्यांचा गुडघा कुरकुरतो त्यांना हा सौदा परवडतो. ज्यांच्या टाचेमागची शीर आधीच दुखते त्यांना नाही.

बंद कसा पारखायचा?

बंद तीन ठिकाणी काम करतो. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात, पावलाच्या दोन्ही बाजूंना घोट्याच्या किंचित पुढे, आणि टाचेमागे. पावलाला मागे-पुढे आणि आडवं धरायचं खरं काम बाजूच्या बंदांचं आहे. बेचक्यातला बंद दिशा राखतो, टाचेमागचा पट्टा सँडल मागे लोंबू देत नाही. बाजूचे बंद ढिले असले की सगळा भार बेचक्यावर येतो आणि तिथे फोड येतो. मग लोक म्हणतात, सँडलच वाईट.

सँडल बांधून उभ्या राहा. सगळी बोटं वर उचला आणि तशीच दहा-पंधरा पावलं चाला. तळ पावलासोबत उचलला गेला तर पहिली परीक्षा पास. मग एका पायावर उभं राहून टाच डावी-उजवीकडे वळवा, पाऊल तळावरून बाजूला उतरता कामा नये. शेवटची परीक्षा उताराची. जरा तीव्र उतारावरून भरभर खाली या आणि एकदम थांबा. पाय पुढे घसरून बंद बेचक्यात रुतला, तर बाजूचे बंद घट्ट करून पुन्हा करून बघा. तरीही रुतत असेल तर बाजूची भोकं तुमच्या पावलासाठी चुकीच्या जागी आहेत. असं असेल तर ती सँडल सोडून द्या. कितीही ओढून बांधली तरी ती जागा बदलणार नाही.

टाचेमागचा पट्टा टाचेच्या फुगवट्याच्या वरच्या भागावर बसावा आणि सैलसर असावा. त्याच्याखाली करंगळी सहज जायला हवी. तो आवळून बाकीच्या बंदांची उणीव भरून काढायला गेलात, तर तासाभरात टाचेमागची कातडी सोलली जाते.

प्रकार दोन-तीन आहेत. एकाच लांब दोरीने बांधायची पारंपरिक पद्धत हव्या त्या पावलाला जुळवता येते, पण हात बसायला काही आठवडे लागतात. बकलाचे तयार पट्टे सोपे, मात्र गुळगुळीत नायलॉनचा पट्टा भिजला की बकलातून हळूहळू सुटतो. दुकानात कोरडा असताना हे कळत नाही, म्हणून पट्टा ओला करून ओढून बघा. बेचक्यात बंदच नसलेल्या, वरून आडवे पट्टे असलेल्या सँडलही मिळतात. ज्यांना बेचक्यात काही सहनच होत नाही त्यांच्यासाठी त्या ठीक. वळणाच्या पायवाटेवर मला मात्र त्यांत पाऊल बाजूला सरकल्यासारखं वाटतं.

आणखी एक जागा आवर्जून बघा: बेचक्यातला बंद तळाखाली कुठे अडकवला आहे. गाठ किंवा बटण तळाच्या पातळीबाहेर आलं असेल, तर डांबरावर ते रोज घासलं जातं. माझ्या एका सँडलची गाठ अशीच झिजत गेली. मी वरून बंद बघत राहिले, खालून बघितलंच नाही. एका उतारावर पाऊल टाकलं आणि दोरी बेचक्यातून वर निघून आली, तळ पायाखालून बाजूला गेला. गुडघा आणि तळहात सोलवटले. त्या दिवसापासून प्रत्येक धावेआधी सँडल उलटी करून अंगठ्याने गाठ चाचपते आणि लांब वाटेवर हातभर दोरी जवळ ठेवते.

तळ किती जाडीचा घ्यावा?

४ ते ६ मिमी तळातून जवळजवळ सगळं कळतं. गुळगुळीत रस्त्यावर तो फार सुंदर लागतो, खडीवर फार कठोर. ७ ते १० मिमीत जमीन कळते आणि खडा बोचला तरी पाऊल चुकत नाही. त्यापुढे, तळाचे दाते धरून १२-१५ मिमीपर्यंतच्या सँडल खडकाळ डोंगरवाटांसाठी असतात.

जाडीच्या आकड्याइतकाच तळाचा टणकपणा मोजा. फोमचा तळ टोकदार दगडाखाली दबून अर्धा होतो. तेवढ्याच जाडीचं घट्ट रबर दगड पसरवून घेतं. अंगठ्याच्या नखाने तळ दाबून बघा, नख सहज रुतलं तर तो तळ खडीवर तुम्हाला वाचवणार नाही.

एकच जोड घ्यायचा असेल तर मी ८ ते १० मिमीचा, उथळ दात्यांचा घ्यायला सांगेन. झीरो शूज, लुना, बेडरॉक, अर्थ रनर्स असे बरेच जण या सँडल करतात, पण बंदांची जागा प्रत्येकाची वेगळी. मैत्रिणीला बसली म्हणून तुम्हाला बसेलच असं नाही.

माप कसं घ्यायचं?

कागदावर उभं राहून घ्यायचं, बसून नाही. भार पडला की पाऊल लांब आणि रुंद होतं. दिवस मावळताना घ्या, तेव्हा ते थोडं फुगलेलं असतं. पेन्सिल कागदाला काटकोनात धरून कडेने फिरवा आणि दोन्ही पावलं आखा, कारण बहुतेकांची दोन पावलं सारखी नसतात. मोठ्या पावलाचं माप धरा.

सर्वांत लांब बोटापुढे ५-६ मिमी तळ असावा, टाचेमागे त्याहून थोडा कमी. करंगळी तळाच्या बाहेर डोकावता कामा नये. जास्तीची जागा ठेवायचा मोह आवरा. बुटात ती चालते. सँडलमध्ये पुढे आलेला तळ दुमडून झाडाच्या मुळात नाहीतर दगडात अडकतो आणि माणूस तोंडघशी पडतो.

रस्त्याला आणि डोंगरवाटेला एकच सँडल चालेल का?

चालेल, पण तडजोड दोन्हीकडे होते. रस्त्यावर सपाट तळ हवा. खोल दाते डांबरावर पटकन झिजतात आणि प्रत्येक पावलाला जमिनीचा स्पर्श तुटक करतात. डोंगरात दाते चिखल आणि भुसभुशीत माती पकडतात. ओल्या कातळावर मात्र दात्यांपेक्षा रबराचा मऊपणा कामी येतो. मऊ रबर चिकटून बसतं आणि लवकर झिजतं, कडक रबर टिकतं आणि घसरतं. दोन्ही गुण एकाच तळात पूर्ण मिळत नाहीत.

पावसात पाय सँडलवरच घसरतो. काय करावं?

खाली जमिनीवर घसरणं आणि वर तळव्याखाली घसरणं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. डोंगरात दुसरा जास्त धोक्याचा. चामड्याचं वरचं आवरण कोरडं असताना फार छान लागतं, पायाचा ठसा घेतं, पण भिजलं की बुळबुळीत होतं. ओल्यात धावायचं असेल तर वर खरखरीत, बारीक नक्षीचं रबर घ्या. पायाला तेल किंवा क्रीम लावून निघू नका. चिखल साचला की थांबून तळ पुसा, आणि उतारावर बाजूचे बंद एक टप्पा आवळा.

बेचक्यात फोड येतो. सवयीने जाईल का?

पहिल्या दोन आठवड्यांत थोडी लाली येणं साहजिक आहे, तिथली कातडी हळूहळू घट्ट होते. त्यानंतरही फोड येत असेल तर पाय पुढे घसरतो आहे. वर सांगितलेली उताराची परीक्षा पुन्हा घ्या. नवी दोरी कडक असेल तर ती ओली करून बोटांनी चोळून मऊ करता येते. सुटी बोटं असलेले मोजे घातले तरी आराम पडतो, आणि थंडीतही तेच उपयोगी पडतात.

सवय व्हायला किती वेळ लागतो?

स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, शिरा आणि हाडं महिने घेतात. घोळ इथेच होतो. दीड महिन्याने पोटऱ्या दुखायच्या थांबतात, माणसाला वाटतं जमलं, अंतर वाढतं आणि चवड्याचं हाड बोलायला लागतं.

आधी दोन-तीन आठवडे सँडल घालून फक्त चाला, दिवसभर वावरा. मग नेहमीच्या धावण्याच्या शेवटी पाच मिनिटं, एक दिवसाआड. सकाळी उठल्यावर पोटरी किंवा टाच ठणकत नसेल तरच पुढच्या आठवड्यात दोन-तीन मिनिटं वाढवा. मी पहिल्याच आठवड्यात आठ किलोमीटर धावले होते. दोन दिवस जिना कठडा धरून उलटा उतरावा लागला. त्यानंतर सगळं पहिल्यापासून, मिनिटं मोजत केलं. नेहमीचं पूर्ण अंतर सँडलमध्ये यायला मला जवळपास वर्ष लागलं, आणि ते वर्ष वाया गेलं असं मला कधीच वाटलं नाही.

आठवड्यातून एकदा स्वच्छ, गुळगुळीत जागी पूर्ण अनवाणी दोन-चार मिनिटं धावा. सँडल थोडी तरी झाकून घेते, उघडा तळवा काहीच झाकत नाही. पाऊल घासत असेल तर कातडी लगेच सांगते.

पाऊल कसं टाकायचं?

छोटं, हलकं, शरीराच्या खाली. चवड्यावर उतरायचं म्हणून टाच मुद्दाम अधांतरी ठेवू नका, तिला दर पावलाला जमिनीला टेकू द्या. पोटऱ्या फाटतात त्या टाच वर ताणून धरल्याने. पावलांचा वेग ५ ते १० टक्के वाढवला की गुडघा आणि खुब्यावरचा भार कमी होतो हे २०११ च्या अभ्यासात दिसलं आहे. तेवढा बदल पुरतो, मिनिटाला १८० च्या आकड्यामागे धावायची गरज नाही.

आणि कान द्या. सँडलमध्ये पावलाचा आवाज मऊ, जवळजवळ पुसट असावा. 'फट्ट फट्ट' ऐकू आलं तर दोनच कारणं असतात: टाचेचा पट्टा फारच सैल आहे, नाहीतर पाय फार पुढे पडतो आहे.

काटे आणि खडे?

खडा तळव्याखाली शिरला तर पाय मागे झटका, बहुतेक वेळा निघून जातो. लांब कडक काटा पातळ तळातून आरपार येऊ शकतो. काटेरी वाटेवर जाड, टणक तळ घ्या, नाहीतर सरळ बूट घाला.

कोणी सँडल घालून धावू नये?

मधुमेहामुळे किंवा इतर कारणाने तळव्याची संवेदना कमी झाली असेल तर नाही. जखम झालेली कळणारच नाही. पावलाच्या हाडाला नुकती चीर पडलेली असेल, टाच किंवा तिच्यामागची शीर सध्या दुखत असेल, अंगठ्याचा सांधा आखडलेला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. आणि धावताना पावलाच्या वरच्या बाजूला एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी दुखायला लागलं, तर त्याच क्षणी थांबा. पसरलेली ठणक बहुतेक वेळा स्नायूंची असते. एका बिंदूत दुखणं हाडाचं असू शकतं, ते अंगावर काढू नका.

शर्यतीत सँडल चालतात का?

जागतिक अॅथलेटिक्सच्या नियमांत अनवाणी धावायलाही मुभा आहे. डोंगरवाटांच्या काही शर्यतींत मात्र आयोजक पाय पूर्ण झाकणाऱ्या बुटांची अट घालतात, तेव्हा नाव नोंदवण्याआधी नियम वाचा.

घरी बनवता येतील का?

नक्की, आणि एकदा तरी बनवा. ६ मिमीचा रबरी पत्रा, साधारण ४ मिमीची दोरी, पावलाचा आखलेला कागद आणि भोकं पाडायला पंच एवढंच लागतं. पहिलं भोक अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात, दोन भोकं घोट्याच्या हाडाच्या किंचित पुढे, दोन्ही कडांना. ती कडेपासून थोडी आत घ्या, नाहीतर रबर फाटतं. बाजूची भोकं अर्धा सेंटिमीटर मागे-पुढे केली तर पावलाला किती फरक पडतो, हे स्वतःच्या हाताने भोक पाडल्यावर जसं कळतं तसं विकत घेऊन कळत नाही.

किती टिकतात? कधी बदलायच्या?

किलोमीटरचा एक आकडा सांगता येत नाही. रबर, रस्ता आणि पाऊल टाकायची पद्धत, तिन्हींवर ते ठरतं. बंद आधी जातात, तळ नंतर, म्हणून बंद बदलता येणारीच सँडल घ्या.

तळ महिन्यातून एकदा उजेडात धरून बघा. चवड्याखाली सारखी, पसरट झीज असेल तर सगळं ठीक चाललं आहे. अंगठ्याखाली खड्डा पडला असेल तर तुम्ही जमीन मागे ओरबाडता आहात, पाय उचलायच्या ऐवजी. टाचेची बाहेरची कड तिरकी गेली असेल तर पाऊल फार पुढे पडतं आहे. एका पायाची सँडल दुसरीपेक्षा जास्त झिजली असेल, तर आधी दोन्हींचे बंद सारखे आवळलेले आहेत का ते बघा. चवड्याखाली तळ दाबला की दोन बोटं एकमेकांना जाणवू लागली, की तो जोड धावण्यातून काढा. चालायला तो पुढेही बरेच दिवस पुरतो.